पावडर मी औषधात धरलीच नव्हती

मी निलंग्यात शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीतच मशीन आहे. बाया तिथंच येतात, मापं देतात, बसून बोलतात. गेल्या वर्षी मी आजारी पडले तेव्हा गल्लीत दोन गोष्टी पसरल्या. एक अशी की मंगलला पिसाळलेलं कुत्रं चावलंय, आता ती काही वाचत नाही. दुसरी अशी की कुत्र्याच्या इंजेक्शनानं तिचे पाय गेले. दोन्ही खोट्या होत्या. पण काही दिवस त्या मलाही खऱ्या वाटत होत्या, त्यामुळं बायांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अजूनही ब्लाउज न्यायला आलेली एखादी विचारते, "ताई, मग नेमकं झालतं काय?" सांगायला बसले की हातातलं काम तसंच राहतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. कुणाच्या घरात असं काही झालंच, तर डॉक्टरला काय सांगायचं एवढं तरी यातून कळावं.

कुत्रं

सकाळची वेळ होती. काज-बटण करून देणाऱ्या बाईकडं ब्लाउजांची पिशवी घेऊन निघाले होते. पिठाच्या गिरणीजवळ एक तांबडं कुत्रं भिंतीला टेकून उभं होतं. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते मागून आलं, पोटरीला चावलं आणि गेलं. भुंकलंही नाही. दुखायच्या आधी मला साडी फाटल्याचा आवाज आला.

गिरणीतल्या बाईनं हळद आणली, तिखट आणते म्हणाली. मी म्हटलं, नळ सोडा. कपड्याचा साबण लावून मी बराच वेळ जखम धुतली. हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या गल्लीतल्या एका पोराला कुत्रं चावलं तेव्हा दवाखान्यात त्याच्या आईला सगळ्यात आधी हेच विचारलं होतं. त्या कुत्र्याचा नंतर पत्ता लागला नाही. पाळलेलं नव्हतं, कुणी ओळखतही नव्हतं.

आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर शिवानंद, खताच्या दुकानात कामाला आहेत. ते दुकान सोडून आले आणि आम्ही दवाखान्यात गेलो. जखमेच्या भोवती पिसाळीवरचं सीरम सुईनं भरलं, ते मात्र फार दुखलं. दंडाला लस दिली. पुढच्या तारखा सांगितल्या, कार्डावर लिहून दिल्या. जखम चिघळू नये म्हणून गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी बीपीच्या गोळीचं सांगितलं. ती मी कित्येक वर्षं घेते. "ती चालू ठेवा," म्हणाले. खाण्यापिण्याचं मी विचारलं तर म्हणाले, "रोजचं जेवण जेवा. काही बंद करू नका."

घरी आले तर परहेजाची मोठी यादी माझ्या आधी घरात येऊन बसलेली. वांगं नको, गूळ नको, डाळ नको, आंबट नको, तेलाचं नको. शेजारची एक बाई म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय, त्याला कुठं कुत्रं चावलंय." मी हसले, पण जेवताना मात्र डाळीची वाटी बाजूला सारली. कुत्रं चावलेल्या माणसाला धीर नसतो. कुणी काहीही सांगितलं की वाटतं, करून टाकावं, न जाणो.

अक्का

दुसऱ्या डोसनंतर माझं पोट बिघडलं. गॅस धरायचा, मळमळायचं, तोंडाला चव नव्हती. अंग जरा कोमट लागायचं. मला वाटलं, लसच बाधली. आता कळतं की जखमेसाठी दिलेल्या गोळ्या मी रिकाम्या पोटी घेत होते. जेवणच जात नव्हतं, तर भरल्या पोटी घेणार कशा?

त्याच सुमाराला गिरिजाक्का उदगीरहून मला बघायला आल्या. गिरिजाक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना अक्कांनीच वाढवलं. हे अजूनही त्यांच्यापुढं खुर्चीवर बसत नाहीत. अक्कांचे मालक वारल्यावर त्या बाहेर फारशा पडत नव्हत्या. मग त्यांच्या ओळखीतल्या एका बाईनं त्यांना पोटाच्या पाचक पावडरीच्या मीटिंगला नेलं. तेव्हापासून अक्का ती पावडर स्वतः घेत आणि गल्लीतल्या बायांना विकत. त्यांच्या बोलण्यात पुन्हा जोर आला होता. आम्हा सगळ्यांना त्याचं बरं वाटलं होतं.

अक्कांनी माझी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं.

"लस म्हंजे अंगात लई गरमी करती," त्या म्हणाल्या. "ती पोटात साठून राहिली तर त्रास देती. पोट साफ ठिवायचं. सकाळ-संध्याकाळ एक चमचा, गरम पाण्यात. मी सोता रोज घेते."

"अक्का, डॉक्टरला विचारू का?"

"विचार की. पन हे काय औषध न्हाई. झाडपाल्याचं हाय."

मला ते पटलं. औषध नाही, मग विचारायचं काय? बडीशेप खाताना आपण डॉक्टरला विचारतो का? मी पावडर सुरू केली.

पोट साफ झालं यात शंका नाही. दिवसातनं चारचारदा, पाचपाचदा जायला लागायचं. अक्कांना फोन केला तर म्हणाल्या, "चांगलं हाय, घान निघून राहिली." मीही तसंच मानलं. अंग हलकं वाटायचं. आता वाटतं, ते हलकं नव्हतं, रिकामं होतं. जेवण अर्धी भाकरी आणि घोटभर दूध. डाळ परहेजात, तेलाची म्हणून भाजी परहेजात, आंबट म्हणून फळंही बंद. बीपीची गोळी मात्र मी एक दिवसही चुकवली नाही. तिसरा डोसही वेळेवर घेतला. मला वाटत होतं, मी सगळं शहाण्या माणसासारखं करतेय.

पायडल

लग्नसराई होती. एका नवरीचे ब्लाउज होते, जरीचं कापड. मी मशीनवर बसले, पाय पायडलवर ठेवला, दाबला. मशीन चाललं आणि मध्येच थांबलं. मला वाटलं पट्टा सुटला. खाली वाकून बघितलं तर पट्टा जागेवर होता. पुन्हा दाबलं. पाय खाली जाईना. दुखत नव्हता, मुंग्या नव्हत्या. कुणीतरी मांडीत ओली वाळू भरून ठेवल्यासारखं जड झालं होतं.

तसे दोन दिवसांपासून पोटऱ्यांत गोळे येत होते. मी ते कुत्र्याच्या जखमेवर ढकललं होतं. पण गोळे दोन्ही पायांत येत होते आणि कुत्रं एकाच पायाला चावलं होतं, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी मशीनवर बसल्यावर आलं.

मी कुणाला बोलले नाही. उठले, भिंत धरत मोरीपर्यंत गेले आणि तांब्याभर पाणी प्याले. तहान नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग झाला की माणूस पाण्याला भितो, हे लहानपणापासून ऐकलेलं. मला बघायचं होतं की मला भीती वाटते का. पाणी नीट गेलं. थोड्या वेळानं पुन्हा जाऊन प्याले. त्या दिवशी मी किती वेळा पाणी प्याले असेन कुणास ठाऊक. दर घोटाला आधी भीती आणि गिळला की सुटका. पाण्याची भीती ती नव्हेच, पण मला दोन्हीतला फरक कळेनासा झाला होता.

संध्याकाळी ह्यांनी बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "एवढं पाणी कामून पिऊन राहिलीस?"

मी म्हटलं, "गरम होतंय."

 नंतर जेवताना त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि मी तो पिईपर्यंत माझ्याकडं बघत बसले. तेव्हा मला कळलं की माझ्या मनात आहे तेच त्यांच्याही मनात आहे. दोघांनीही तोंडातनं शब्द काढला नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढी जड शांतता आमच्या घरात कधी नव्हती.

सकाळी मला उठताच आलं नाही. मान उचलायला त्रास व्हायला लागला. हात वर केला तर तो थरथरत खाली यायचा. छातीत धडधड मध्येच चुकायची, जिना उतरताना एक पायरी कमी पडावी तसं. ह्यांनी गाडी बोलावली. उदगीरला अक्कांना फोन केला. हैदराबादला मुलगा आहे, त्याला मात्र "लातूरला दाखवायला नेतोय" एवढंच सांगितलं.

गाडीत मला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. शेजारचे दोघं हात लावायला आले होते. त्यातल्या एकानं दार लावताना ह्यांना म्हटलेलं मी ऐकलं, "ते उरलेलं इंजेक्शन आता देऊ नका, भाऊ. त्यानंच झालंय." हे म्हणाले, "न्हाई देत."

लातूर

दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतलं, छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं. एक तरुण डॉक्टरबाई होत्या, चेहऱ्यावर झोप अपुरी, पण बोलणं शांत. त्यांनी पहिल्यापासून विचारलं. कुत्रं कधी चावलं, जखम धुतली का, सीरम दिलं का, डोस किती झाले. मग म्हणाल्या, "औषधं काय चालू आहेत?"

"बीपीची गोळी."

"अजून?"

"जखमेच्या गोळ्या होत्या, त्या संपल्या."

"अजून काही?"

"नाही."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर तेवढीच आठवत होती.

मेंदूचे डॉक्टर येऊन गेले. गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायाला किल्लीनं रेघ ओढली, मला फुंकर मारायला लावली, पाणी प्यायला लावलं. मी पाणी पिताना सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी ह्यांच्याकडं. ते दाराजवळ हात जोडून उभे होते. कुणापुढं जोडले होते, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, मला तेच झालंय का?"

"काय?"

"पिसाळ."

ते पेन खिशाला लावत म्हणाले, "तसं दिसत नाही. रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या."

"तसं दिसत नाही" हे तीन शब्द मी उशीखाली ठेवल्यासारखे जपले. पण भीती गेली नाही. रिपोर्ट येईपर्यंत मी छताचा पंखा बघत पडून राहिले. मनात काय यायचं? देवाचं काही नाही. त्या नवरीचा ब्लाउज मशीनवर अर्धा राहिलाय, सुई कापडात तशीच आहे, कुणी ओढून काढला तर जरीचे धागे निघतील. तेवढंच पुन्हा पुन्हा येत होतं.

थोड्या वेळानं डॉक्टरबाई जवळजवळ पळतच आल्या. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. नर्सला सूचना दिल्या, सलाइन बदललं. मग माझ्या खाटेशी वाकून म्हणाल्या, "मावशी, पोटॅशियम म्हणजे मिठासारखाच एक क्षार. तो कमी झाला की स्नायू काम करत नाहीत. हृदयसुद्धा स्नायूच आहे, म्हणून आम्ही घाई करतोय. ते कमी कशानं झालं, ते आता शोधायचंय. उलट्या होताहेत का?"

"नाही."

"पातळ संडास?"

"होतंय ना. पण ते आजाराचं नाही. पावडरीचं आहे."

त्या सरळ झाल्या. "कसली पावडर?"

तोवर अक्का आल्या होत्या. उदगीरहून मिळेल त्या बसनं आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्याच बोलल्या, "पाचक हाय. आयुर्वेदिक. माझ्यापशी हाय की." आणि पिशवीतून डबा काढून त्यांनी डॉक्टरबाईंच्या हातात दिला. आजारी माणसाला लागेल म्हणून आणला होता. चेहऱ्यावर काही लपवायचं नव्हतं, थोडा अभिमानच होता.

डॉक्टरबाईंनी डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. "सोनामुखी आहे यात. ज्येष्ठमधही आहे. दिवसातनं किती वेळा घेत होता?"

"दोनदा. भरून चमचा."

"मघाशी मी तीनदा विचारलं, काही घेता का."

"तुम्ही औषध विचारलं होतं," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. सोनामुखीनं जुलाब होतात आणि जुलाबावाटे पोटॅशियम जातं. माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यातूनही ते जातं. ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तरी तेच होतं. वरून मी डाळ, भाजी, फळ सगळं सोडलेलं, म्हणजे आत येणंही बंद. एकटी पावडर, एकटी गोळी कदाचित निभावली असती. सगळं एकदम झालं, म्हणून पाय गेले.

"आणि लस?" ह्यांनी दारातून विचारलं.

"लसीचा यात काही भाग नाही. उरलेला डोस तारखेला घ्यायचाच. तो चुकवला तर मात्र मला भीती वाटेल."

हाताची आग

पोटॅशियमचं सलाइन शिरेतून जाताना आग होते, हे आधी कुणी सांगत नाही. हात कोपरापर्यंत भाजल्यासारखा वाटायचा. नर्सला सांगितलं की ती थेंब हळू करायची, मग ते संपायला आणखी वेळ. वर पातळ औषध प्यायला द्यायचे, खारट-कडू, घशात चिकटणारं. छातीच्या वायरी तशाच. दर थोड्या वेळानं रक्त. माझ्या दोन्ही हातांवर निळे डाग पडले.

शेजारच्या खाटेवर रेणापूरच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, दम्याच्या. त्यांच्या नाकाला नळी होती, तरी बोलणं सुटत नव्हतं. डॉक्टरबाईंनी मला केळ खायला सांगितलं होतं, आणि मला ते परहेजात आहे की काय असं वाटत होतं. त्या बाईंनी त्यांच्या पिशवीतलं केळ सोललं आणि माझ्यापुढं धरलं.

"खा," म्हणाल्या. "कुत्रं चावलं म्हनून केळ्यानं काय पाप केलंय?"

मी हसले. हसताना पोटाच्या स्नायूंना जोर लागला, म्हणजे तिथं जोर आला होता. ती पहिली खूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात डोक्यापर्यंत गेला. केस विंचरता आले. त्यानंतर पाय उचलला, मग नर्सच्या खांद्याला धरून उभी राहिले. संडासला स्वतःच्या पायानं जाऊन आले. एवढी साधी गोष्ट, पण परत येताना मी दारात थांबून थोडी रडले. नर्सनं माझ्या हाताखालचा तिचा हात घट्ट केला.

कॉरिडॉरमधलं बोलणं

मला जे सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच होतं. दार अर्धं उघडं होतं. बाहेर हे आणि अक्का उभे होते. ह्यांचा आवाज मी कधी अक्कांपुढं चढलेला ऐकला नव्हता.

"मारली असती तू तिला," हे म्हणत होते. "तुला काय कळतंय त्यातलं? कुनी सांगितलं तुला डॉक्टर व्हायला?"

अक्का हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मग पुन्हा ह्यांचा आवाज, "जा तू उदगीरला. जा."

मी हाक मारली. दोघांपैकी कुणी आत आलं नाही. नंतर हे आले ते एकटे. अक्का बसस्टँडला गेल्या होत्या. मला न भेटता.

खरं सांगते, मला तेव्हा अक्कांची दया आली नाही. राग आला होता. पावडरीचा नाही. पावडर मी माझ्या हातानं घेतली होती, कुणी तोंड धरून पाजली नव्हती. राग याचा होता की मी पडल्यावर त्यांनी फोनवरून नात्यातल्या सगळ्यांना "लसीनंच झालं" असं सांगितलं होतं. माझ्या दोन चुलत सासवांनी त्यांच्या नातवंडांची इंजेक्शनं थांबवल्याचं हे मला तिथंच बोलले.

ह्यांच्यावरही राग होता. पाणी पिताना माझ्याकडं बघत बसलेला माणूस, तेव्हा एक शब्द बोलला असता, "मंगल, घाबरू नको, दाखवून येऊ," तर आम्ही एक दिवस आधी लातूरला पोचलो असतो. मी ते बोलले. ते म्हणाले, "तू तरी कुठं बोललीस?" तेही खरंच होतं. 

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बीपीची गोळी बदलून दिली. म्हणाल्या, आपल्या मनानं कुठलीच बंद करायची नाही आणि कुठलीच सुरू करायची नाही. पोट बिघडलं तर कशानं बिघडलं ते आधी आम्हाला विचारा. पावडर, काढा, चूर्ण, हिरवा रस, कुणी दिलेली गोळी, जे तोंडात जातं ते सगळं सांगा. झाडपाल्याचं असलं तरी सांगा. मग हसून म्हणाल्या, "औषध म्हणू नका हवं तर. पण सांगा."

फोन

घरी आल्यावर मी मशीनवर लगेच बसले नाही. शेजारणीच्या मुलीनं त्या नवरीचा ब्लाउज पुरा करून दिला होता, जरीचा एक धागाही निघू दिला नव्हता. शेवटच्या डोसच्या दिवशी हे स्वतः मला घेऊन गेले. गाडीत बसवताना ज्यानं "उरलेलं देऊ नका" म्हटलं होतं, तो शेजारी दारात उभा होता. ह्यांनी त्याला थांबून सगळं सांगितलं, दवाखान्यात उशीर होत असतानाही.

अक्कांचा फोन नव्हता. मी केला तर त्यांच्या मुलानं उचलला, "आई झोपलीय" म्हणाला. दुपारची वेळ होती. दोनतीनदा तसंच झालं. मग मी त्याला म्हटलं, "आईला सांग, मंगलला पावडरीचं काम आहे."

अक्का फोनवर आल्या. आवाज बसलेला.

"अक्का, तुमच्या गल्लीत कोण कोण घेतंय ती पावडर?"

"तू आता मला पोलिसात देतीस काय?"

"न्हाई अक्का. त्यात कुनाला बीपीची गोळी चालू हाय का? साखरेची? हृदयाची?"

 मग म्हणाल्या, "कोपऱ्यावरची कमळाबाई हाय. तिला पान्याची गोळी हाय, लघवीला लावनारी. परवा म्हनत होती, पायात गोळे येऊन राहिले."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

पुढचं मला त्यांच्या मुलानं सांगितलं. अक्का तशाच, पायात चप्पल न घालता, कोपऱ्यावर गेल्या. कमळाबाईंच्या घरातून डबा उचलला आणि त्यांच्या सुनेला म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात न्या आणि हा डबा डॉक्टरला दाखवा. सून गोंधळली, कारण पावडरीचे गुण अक्कांनीच तिला महिनाभर ऐकवले होते. कमळाबाईंचं पोटॅशियम कमी निघालं, पण माझ्याइतकं नाही. गोळ्यांवर भागलं. त्यानंतर अक्का एकेका घरी गेल्या. काही बायांनी डबा परत दिला. काहींनी दिला नाही, म्हणाल्या आम्हाला मानवतंय. अक्का त्यांना म्हणाल्या, "मग डॉक्टरला दाखवून मानवू द्या." मीटिंगवाल्या बाईनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

नातेवाइकांनाही अक्कांनीच पुन्हा फोन केले. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. चुलत सासूबाईंच्या सुनेकडून मला कळलं की अक्का म्हणाल्या, "मी चुकीचं बोलले व्हते. लस न्हाई, माझी पावडर व्हती. पोरांची इंजेक्शनं देऊन घ्या." आपल्या पावडरीला "माझी" म्हणायला त्यांना काय लागलं असेल, ते मला कळतं.

ह्यांनी मात्र अक्कांना फोन केला नाही. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

उदगीर

काही महिन्यांनी अक्कांच्या सुनेला मुलगा झाला. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा मी आणि हे उदगीरला गेलो. हे दारातच थांबले. अक्का बाहेर आल्या, त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चहा घेनार का असाच उभा राहनार?" हे आत आले, खाली बसले. तेवढंच झालं. 

त्याच दिवशी बाळाच्या लसीची तारीख होती. मी अक्कांबरोबर गेले. तिथं बाया रांगेत बसल्या होत्या, पोरं रडत होती. आमच्या बाळाला तोंडात थेंब पाजले, मांडीला सुया दिल्या. ते असं रडलं की अक्कांचे डोळे भरले. नर्सनं सांगितलं, ताप आला तर हे औषध, एवढं द्यायचं, सुईची जागा चोळायची नाही, आईचं दूध पाजत राहायचं. झालं, जा म्हणाली.

अक्का उठल्या नाहीत. त्यांच्या कमरेला एक छोटी पिशवी असते, त्यात हात घालून त्यांनी उगाळायच्या गुटीची पुडी काढली. हरडा, वेखंड, जायफळ आणि काय काय. त्यांच्या सासूनं त्यांना दिलेली, त्यांनी त्यांच्या मुलाला दिलेली. ती त्यांनी नर्सच्या टेबलावर ठेवली, सगळ्या बायांसमोर उघडली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "लस झाल्यावर पोराचं पोट दुखलं तर आमच्यात हे उगाळून देत्यात. देऊ का नको?"

नर्स पुडीकडं बघून म्हणाली, "नका देऊ, आजी. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको. पोट दुखलं, फार रडलं, तर इकडं घेऊन या."

मागच्या रांगेतल्या एका बाईनं हळूच आपली पर्स उघडली. "सिस्टर, मी हे ग्राइप वॉटर देते, ते?" म्हणाली. तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी इचारनारच होते." नर्सनं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

अक्कांनी पुडी बांधली, पिशवीत टाकली, बाळाला खांद्यावर घेतलं. दारातून बाहेर पडताना मला म्हणाल्या, "चल, मंगल. त्यांचं चालू दे. वेळ लागंल त्यास्नी."